जुनी वेगवान मोटार आणि मोखाड्याचा घाट

त्र्यंबकेश्वर मागें टाकून मोखाड्याकडे उतरणारा तोरंगणचा घाट आषाढाच्या दिवसांत ज्यानें एकदां पाहिला असेल, त्याला मोटारीची खरी परीक्षा कोठें होते हें निराळें सांगावयास नको. धुकें इतकें दाट असतें कीं, पुढें चाललेली एस. टी. तिचा तांबडा दिवा अगदीं जवळ येईपर्यंत दिसत नाहीं. खड्डा कोणता आणि नुसतें डबकें कोणतें, हा भेद चाक आदळल्यावरच कळतो. जव्हार हें १९४८ पर्यंत मुकणे घराण्याचें संस्थान होतें. नंतर तें ठाणें जिल्ह्यांत गेलें, आणि १ ऑगस्ट २०१४ पासून जव्हार व मोखाडा हे दोन्ही तालुके पालघर जिल्ह्यांत आहेत. जिल्हे बदलले, डोंगर मात्र जागचे हालले नाहींत. जव्हारहून नाशिक सुमारें ८० किलोमीटर. मोठा दवाखाना, मोठा मिस्त्री आणि मोटारीचा एखादा दुर्मिळ सुटा भाग, या तिन्ही गोष्टींसाठीं येथील माणसास बहुधा तिकडेच जावें लागतें.

अशा मुलखांत राहणाऱ्या एका तरुण शिक्षकाची श्रोत्यांनीं कल्पना करावी. मोखाडा तालुक्यांतील एका आश्रमशाळेवर तो नोकरीस आहे. वडील नाचणी-वरईची शेती करीत आले. आतां प्रकृति खालावल्यामुळें त्यांस दर पंधरा दिवसांनीं नाशिकच्या दवाखान्यांत न्यावें लागतें. एस. टी.च्या प्रवासानें म्हातारा शिणतो. मुलानें पांच वर्षें पैसा पैसा करून साडेतीन लाख रुपये साठविले आहेत. एवढी रक्कम त्याच्या हातीं पुन्हां लवकर जमणार नाहीं. या पैशांत एखादी साधी, चार-पांच वर्षांची लहान मोटार घ्यावी, असें शाळेंतील सर्वांचें मत. परंतु हा तरुण नाशिकास शिकत असतां कॉलेजच्या फाटकासमोरून एक मोटार रोज जात असे. तिचा आवाज त्याच्या कानांत बसला आहे. तीच जातीची मोटार, वीस वर्षांची जुनी, आज त्याच्या ऐपतींत आली आहे. हौस आणि कर्तव्य यांची अशी गांठ पडली म्हणजे मनुष्य हौसेलाच कर्तव्याचें नांव देऊन मोकळा होतो. यांत त्याला दोष देण्याचें कारण नाहीं. मात्र त्याचे डोळे उघडे असावेत.

वेगाच्या हौसेनें बांधलेल्या मोटारी आपल्याकडे थोड्याच झाल्या. इंग्लंडांत १९४५ ते १९४९ या काळांत निघालेली एम. जी. टी. सी. ही दोन बैठकांची मोटार आजहि हौशी लोक जपतात. परंतु तिच्या पत्र्याच्या आंत लांकडाचा सांगाडा असतो, आणि जव्हारसारख्या दमट हवेंत तें लांकूड आंतल्या आंत कुजत जाऊन दरवाजे लोंबूं लागतात. अशी वस्तु दिवाणखान्याची शोभा होय. रोग्याला दवाखान्यांत नेण्याचें तें साधन नव्हे. पुढें विसाव्या शतकाच्या अखेरीस सॅन स्टॉर्म नांवाची दोन बैठकांची मोटार भारतांत तयार होऊं लागली. तिचें अंग फायबरचें असल्यामुळें गंजाचें भय नाहीं, आणि इंजिन रेनो कंपनीचें. पण मोटारीला भावंडें असावी लागतात. ज्या इंजिनाच्या दुसऱ्या हजारो गाड्या रस्त्यावर नाहींत, त्याचा एक लहानसा भाग मोडला तरी मालक पत्रव्यवहार करीत बसतो व गाडी गोठ्यांत बसते. २००१ सालीं आलेल्या फियाट पालिओचें १.६ लिटरचें शंभर अश्वशक्तीचें इंजिन अद्यापहि लोक आठवणीनें वाखाणतात. परंतु फियाटच्या मोटारींची भारतांतील विक्री आतां थांबलेली आहे, आणि सुटे भाग मिळविणें हा एक उद्योगच होऊन बसतो.

आपल्या शिक्षकाचें मन बसलें आहे तें स्कोडाच्या ऑक्टाव्हिया आर. एस. या गाडीवर. ऑक्टाव्हिया औरंगाबादेजवळ शेंद्र्याच्या कारखान्यांत जोडली जात असे (२०२३ पासून त्या शहराचें नांव छत्रपति संभाजीनगर आहे), आणि तिची ही वेगवान आवृत्ति २००४ च्या सुमारास भारतांत विक्रीस आली. १.८ लिटरचें इंजिन, त्यावर टर्बो, व दीडशें अश्वशक्ति. साध्या ऑक्टाव्हिया गाड्याहि रस्त्यावर पुष्कळ आल्या, त्यामुळें हिला भावंडें आहेत. दारें, कांचा, सस्पेन्शनचे बरेच भाग जुन्या बाजारांत मिळूं शकतात. निवड सर्वस्वी वेडी नाहीं, ती एवढ्यासाठींच.

पहिली गाडी त्यानें पाहिली ती ठाण्याकडील एका दलालाच्या आवारांत. रंग नवा, बैठकांवर नवें कातडें, आणि किंमत ऐकून आनंद व्हावा इतकी कमी. बरोबर नाशिकचे एक वृद्ध मिस्त्री होते. त्यांनीं रंगाकडे पाहिलें नाहीं, इंजिनाकडेहि पाहिलें नाहीं. पुढील बैठकीखालचा गालिचा उचलून त्यांनीं बोटानें आंतला कोपरा खरवडला. नखांत बारीक वाळलेला गाळ आला. बैठक जमिनीस जेथें बोल्टांनीं आवळलेली असते, तेथें बोल्टांची डोकीं गंजून तांबडीं झालीं होतीं.

“गुरुजी, ही गाडी पाण्यांत बुडालेली आहे,” मिस्त्री हळूच म्हणाले.

२६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हां मुंबई-ठाण्याच्या असंख्य मोटारी छपरापर्यंत बुडाल्या. त्यांतील कितीएक धुऊनपुसून पुन्हां बाजारांत उतरल्या, आणि नंतरच्या प्रत्येक पुरानें त्यांत भर घातली. बुडालेल्या मोटारीचें इंजिन दुरुस्त होऊं शकतें. परंतु या पिढीच्या गाड्यांतून विजेच्या तारांचें जें जाळें पसरलेलें असतें, त्याच्या प्रत्येक सांध्यांत ओल शिरून हिरवा गंज धरतो. मग एके दिवशीं दिवे लागत नाहींत, दुसऱ्या दिवशीं कांचा खालीं जात नाहींत, तिसऱ्या दिवशीं इंजिनच बोलत नाहीं, आणि कोणत्याहि मिस्त्र्याला नेमका रोग सांपडत नाहीं. नवा रंग आणि नवें कातडें यांनीं खूष होण्याऐवजीं तीं कां बदलावीं लागलीं, हा प्रश्न घेणाऱ्यानें आधीं विचारावा. दलालाला तो विचारला तेव्हां त्यानें चहा मागविला.

दुसरी गाडी नाशिकांतच एका निवृत्त गृहस्थांची होती. भेटीची वेळ सकाळीं आठची ठरली होती. मिस्त्री सातलाच जाऊन उभे राहिले. त्यांनीं प्रथम बॉनेटवर हात ठेवला. तें गार होतें. त्यांचा चेहरा जरा खुलला.

“काका, एवढ्या लवकर कशाला आलांत?” शिक्षकानें विचारलें.

“इंजिन गार असतांनाच त्याचें खरें बोलणें ऐकूं येतें, गुरुजी. आधीं तापवून ठेवलेलें इंजिन पाहुण्यासारखें वागतें.”

गार इंजिन चालू होतांना सायलेन्सरमधून निळा धूर आला तर तेल जळत आहे असें समजावें. टर्बोच्या गाडींत हें टर्बोच्या झिजलेल्या बेअरिंगाचेंहि लक्षण असूं शकतें. पांढरी वाफ थोडा वेळ येऊन थांबली तर ती हवेची ओल. थांबलीच नाहीं, आणि कूलंट कमी होत राहिलें, तर हेड गॅस्केटविषयीं संशय घ्यावा. तेलाचें झांकण काढून आंतल्या बाजूस ताकासारखा पांढरट थर आहे काय, हेंहि पाहावें. किल्ली फिरवितांच पुढील फळीवरचे इशाऱ्याचे सर्व दिवे क्षणभर पेटले पाहिजेत आणि इंजिन चालू झाल्यावर विझले पाहिजेत. जो दिवा मुळीं पेटतच नाहीं, तो पुष्कळदां कोणी तरी मुद्दाम आंधळा केलेला असतो. संगणकी यंत्र लावून दोषांची नोंद वाचतां येते. परंतु ती नोंद आदल्या दिवशीं पुसतांहि येते. म्हणून यंत्रानें “दोष नाहीं” म्हटलें तरी गाडी तास-दीड तास चालवून तें पुन्हां लावावें.

या जातीच्या इंजिनाचा सर्वांत घातक भाग दिसण्यांत सर्वांत क्षुद्र आहे. तो म्हणजे टायमिंगचा रबरी पट्टा. इंजिनांतील झडपा आणि दट्टे यांची लय हा पट्टा सांभाळतो. साखळीप्रमाणें तो आवाज करून सूचना देत नाहीं. तुटतो तेव्हां एकदम तुटतो, आणि त्याच क्षणीं उघड्या राहिलेल्या झडपांवर दट्टे आदळून झडपा वांकतात. इंजिनाचा वरचा भाग उघडून नव्यानें बांधण्याचा खर्च मग कित्येकदां गाडीच्या किंमतीशीं स्पर्धा करतो. पुष्कळ लोक फक्त किलोमीटर मोजतात. परंतु रबराला वयहि असतें. वर्षाकांठीं चार-पांच हजार किलोमीटर चाललेली, गॅरेजांत जपून ठेवलेली गाडी पाहून घेणारा हुरळतो, आणि त्या गाडीचा पट्टा कदाचित् दहा वर्षांचा असतो. पट्टा बदलल्याची पावती दिसली नाहीं, तर तो बदललेला नाहीं असेंच धरून चालावें, मालक कितीहि सज्जन असो. पुष्कळ वेळां खरोखरच त्याला आठवत नसतें.

याच पट्ट्यावर पाण्याचा पंप फिरतो. या पंपाचें आंतलें चक्र मूळचें प्लास्टिकचें. जुनें होऊन त्याला तडा गेला किंवा तें दांड्यावर सैल झालें कीं पंप बाहेरून फिरतांना दिसतो, पण पाणी मात्र ढकलत नाहीं. सपाटीवर वाऱ्यानें भागून जातें. घाट चढतांना, दुसऱ्या गियरमध्यें, पाठीमागें पांच माणसांचा भार असतांना तापमापकाचा कांटा वर सरकूं लागतो, आणि तेव्हां परतीचा मार्ग राहत नाहीं. पट्टा उतरवलाच आहे तर पंपहि बदलावा, आणि धातूच्या चक्राचा घ्यावा. मजुरी एकदांच पडते. कूलंटच्या जागीं विहिरीचें पाणी ओतण्याची आपल्याकडे वाईट खोड आहे. तिनें आंत क्षार साचतो, गंज धरतो, आणि पुढें सगळ्यांचा दोष बिचाऱ्या इंजिनाच्या माथीं बसतो.

टर्बोविषयीं एक गोष्ट फार थोडे मालक पाळतात. इंजिनाच्या जळक्या वायूवर फिरणारें तें चक्र अतिशय तापतें, आणि त्याचें रक्षण करणारें तेल म्हणजे इंजिनाचेंच तेल होय. घाट चढून आल्याबरोबर किल्ली बंद केली तर तेलाचा प्रवाह थांबतो आणि जें तेल तेथें उरलें तें करपून कोळसा होतें. असा करपट गाळ वर्षानुवर्षें साचून तेल ओढणारी जाळी चोंदते. मग तेलाच्या दाबाचा तांबडा दिवा लागतो. तो दिवा लागलेला असतां “गांव एवढ्यावरच आहे” म्हणून जो पुढें गेला, त्याचें इंजिन त्या गांवीं कायमचें मुक्कामास राहिलें, असें समजावें. वर चढून आल्यावर मिनिटभर इंजिन हळू चालूं द्यावें. चांगलें तेल वेळेपूर्वींच बदलावें. जुन्या मालकानें तसें केलें होतें कीं नाहीं, हें त्याच्या तोंडापेक्षां तेलाच्या झांकणाची आंतली बाजू अधिक खरें सांगते.

लहानसहान दोषहि या गाडीला बरेच आहेत. चारहि सिलिंडरांना स्वतंत्र इग्निशन कॉइल असते, आणि त्यांतील एखादी बसली कीं गाडी तापकऱ्यासारखी थरथरते. एक जास्तीची कॉइल डिक्कींत बाळगणें शहाणपणाचें. रबरी नळ्या वयानें चिरल्या तर टर्बोची हवा वाटेंतच निघून जाते आणि दीडशें अश्वांपैकीं बरेचसे तबेल्यांतच राहतात. आतां पेट्रोलमध्यें २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल येतें. वीस वर्षांपूर्वींच्या नळ्या आणि सीलें त्यासाठीं बनविलेलीं नव्हतीं, म्हणून पेट्रोलचा वास येतो काय हें नाकानें पाहावें. दारांतील कांच धरणाऱ्या प्लास्टिकच्या चिमट्या मोडून कांच धाडकन् दारांत पडते, हा या पिढीचा प्रसिद्ध विनोद आहे. जव्हारच्या पावसांत तो विनोद वाटत नाहीं.

गाडी चालवून पाहण्यासाठीं मालकानें गंगापूर रोडचा सरळ रस्ता सुचविला. मिस्त्र्यांनीं नम्रपणें नकार देऊन गाडी त्र्यंबकच्या पुढें घाटापर्यंत नेण्याची परवानगी मागितली, आणि मालकानें ती दिली. जो मालक एवढें मान्य करीत नाहीं, त्याच्याशीं बोलणें तेथेंच संपवावें. चढावर तिसऱ्या गियरमध्यें पाय पूर्ण दाबला असतां इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाहीं, असें झालें तर क्लच प्लेट संपत आली आहे. उभ्या गाडींत खालून खडखड येते आणि क्लच दाबतांच ती थांबते, तर दुहेरी फ्लायव्हील झिजलें असण्याचा संभव. तें महाग असतें. खड्ड्यावरून जातांना पुढून ठकठक आली तर बुश आणि लिंक गेले. हा खर्च सोसण्यासारखा. उतारावर ब्रेकचा पाय थरथरला तर चकत्या वांकड्या, आणि दोन-चार वळणांनंतर तो मऊ पडत गेला तर ब्रेकच्या तेलांत पाणी शिरलें आहे. हें तेल हवेंतली ओल पितें. जुनें झालें कीं तापून त्यांत वाफेचे बुडबुडे होतात आणि नेमक्या उतारावर पाय मोकळा जमिनीस टेकतो. तें दर दोन वर्षांनीं बदलावें, आणि घाट उतरतांना गाडी लहान गियरमध्यें धरून ठेवावी.

सर्वांत शेवटीं मिस्त्री गाडीखालीं शिरले. वेगासाठीं बांधलेली मोटार जमिनीलगत असते. खोडाळ्याकडील एखाद्या कच्च्या वाटेवर वर आलेला एकच दगड तिचें तेलाचें चेंबर फोडूं शकतो. चेंबरावर जुना ओरखडा होता, पण गळती नव्हती. “गुरुजी, घरापर्यंतचा शेवटचा रस्ता कसा आहे?” त्यांनीं खालूनच विचारलें. “डांबरी आहे, काका, पावसाळ्यांत मात्र थोडा धुपतो.” “मग पावसाळ्यांत गाडी हमरस्त्यावर ठेवून घरीं पायीं जायची तयारी ठेवा.”

कागदपत्रांतहि एक खड्डा असतो. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची. त्यानंतर तपासणी होऊन ती पांच पांच वर्षांनीं वाढवावी लागते, आणि पर्यावरण कर निराळा. वीस वर्षांपुढील मोटारीच्या नूतनीकरणाची फी केंद्र सरकारनें २०२५ मध्यें १०,००० रुपये केली. या गाडीची मुदत संपावयास थोडेच महिने उरले होते, म्हणजे तो भार नव्या मालकावरच पडणार होता. शिवाय आर. सी. पुस्तकावर एका बँकेचा बोजा तसाच होता. कर्ज कधींच फिटलें होतें, परंतु बँकेचा दाखला देऊन तो उतरविण्याचें राहून गेलें होतें. शिक्षकानें तो आधीं उतरवून मागितला. २९ आणि ३० क्रमांकाच्या नमुन्यांवर सह्या होऊन नांव बदलल्याखेरीज पैसे पूर्ण देऊं नयेत, हें तो मिस्त्र्यांकडून शिकला नव्हता. तें त्याला त्याच्या पतपेढीच्या कारकुनानें सांगितलें होतें.

गाडीची मागणी तीन लाखांची होती. पट्टा, पंप, ब्रेकचें तेल, पुढचे बुश, दोन टायर आणि नूतनीकरण यांचा हिशेब मिस्त्र्यांनीं वहीच्या पाठकोऱ्या पानावर मांडून मालकापुढें ठेवला. घासाघीस अशी झालीच नाहीं. गृहस्थांनीं चष्मा लावून पान दोनदां वाचलें, पट्ट्याच्या ओळीवर बोट ठेवलें, आणि म्हणाले, “हा मीं कधींच बदलला नाहीं.” पन्नास हजार त्यांनीं आपण होऊन कमी केले.

तरीहि शिक्षकानें गाडी त्या दिवशीं घरीं आणली नाहीं. ती मिस्त्र्यांच्या गॅरेजांत ठेवून तो आठ दिवसांनीं पुन्हां आला. काम अपुरें होतें. पंप मुंबईहून यावयाचा होता. संध्याकाळच्या एस. टी.नें तो मोखाड्यास परतला तेव्हां त्याच्या पिशवींत वर्तमानपत्रांत गुंडाळलेला जुना पट्टा होता. ओसरीवर दिव्याखालीं त्यानें तो वडिलांच्या हातीं दिला. म्हाताऱ्यानें मोटेच्या नाड्याची पारख करावी तसा तो दोन्ही हातांत धरून उलटा वांकविला. आंतल्या बाजूला, दात्यांच्या मुळाशीं, केसासारख्या चिरा ओळीनें उघडल्या. त्यानें तो पुन्हां सरळ केला; चिरा मिटल्या आणि पट्टा नव्यासारखा दिसूं लागला.

“पुढच्या खेपेला दवाखान्यांत कशानें जायचें?” म्हाताऱ्यानें विचारलें.

“या खेपेला एस. टी.नेंच, बाबा. पंप आला नाहीं अजून.”

“बरें,” म्हणून त्यानें पट्टा खुंटीवर, दोरखंडाच्या शेजारीं, अडकवून ठेवला.